बैलांनी ओढलेली हलदन

चाळिसाव्याचं जेवण उरकलं, फातिहा झाली, मोहल्ल्यातली माणसं हात धुऊन पांगली आणि नगरच्या झेंडीगेट भागातल्या त्या घराच्या अंगणात घरचीच माणसं उरली. अम्मा गेल्यानंतर तिघं भावंडं पहिल्यांदाच अशी एकत्र बसली होती. खाजाभाईला जे बोलायचं होतं ते तो सकाळपासून मनात घोळवत होता.

अंगणात दोन मोटारी उभ्या होत्या. लिंबाखालची खाजाभाईची. तिचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला, चाकं काढून भिंतीला टेकवलेली. दारातली दुसरी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची, तिसगावच्या कादरची. करंजी घाटाची धूळ अजून तिच्या काचांवर होती. दोन्ही एकाच कंपनीच्या, अमेरिकेतल्या हॅल्डन कंपनीच्या. पण नगर जिल्ह्यात तिला कुणी हॅल्डन म्हटलं नाही. हलदनच म्हणत.

हलदन म्हणजे साहेबाची गाडी. लांबलचक बॉनेट, मागच्या सीटवर पाय पसरता येतील एवढी जागा, खिडक्यांना पडदे. एके काळी कलेक्टर हलदनमधून फिरायचा, कालव्याचा इंजिनिअर फिरायचा, अकोले तालुक्यातला एक इनामदार तर हलदनमधून भातखाचरांच्या कडेनं रुबाबात जायचा. ह्या मोटारी चालवून, त्यांच्याखाली पालथं पडून खाजाभाईचे वडील इमामभाई वर आले आणि जाताना तीन हलदन मागे ठेवून गेले. एक थोरल्या खाजाला, एक धाकट्या नियाजला, आणि एक मधल्या बद्रुन्निसाच्या लग्नात द्यायला राखून ठेवलेली.

पण दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधीच तिकडे कंपनी बंद पडली. मुंबईच्या एजंटाकडे होतं ते सामान दोन-चार वर्षं पुरलं, मग तेही संपलं. इनामदाराची गाडी राजूरच्या पुढं दरीत गेली. इंजिनिअरची लढाईत भंगारात गेली. राहुरीकडं एकीच्या इंजिनावर पिठाची गिरणी चालायची, तीही पुढं थांबली. पूर्वी रस्त्यानं समोरून हलदन आली की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना हॉर्न द्यायचे, मग ओळख असो-नसो. आता घरच्या तीन सोडल्या तर जिल्ह्यात कुठं एखादी चालत असेल असं खाजाभाईला वाटत नव्हतं.

आणि बकरीदीच्या आधी त्याची स्वतःची बसली. मागच्या ॲक्सलमधला क्राऊन, म्हणजे ते मोठं दातेरी चाक, त्याचे दात मोडले. वेल्डिंग करून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी वेल्डिंग तुटलं आणि शेजारचे दोन दात आणखी मोडले.

"नियाज," खाजाभाई शेवटी बोलला, "उद्या तुझ्यासंगं पुणतांब्याला येतो. तुझ्या गाडीचा क्राऊन काढून घेतो म्हणतो. कारखान्याचा हंगाम सुरू झालाय. नव्या साहेबानं सांगावा धाडलाय, येत्या सोमवारी गाडी फाटकात पायजे. न्हाईतर तो दुसरी बघनार."

दरवर्षी उसाचं गाळप सुरू झालं की खाजाभाई आपली हलदन घेऊन गोदावरीकाठच्या साखर कारखान्यावर जाई, मोठ्या साहेबाच्या दिमतीला राही. त्या चार-पाच महिन्यांवर घराचं वर्ष निघे. नियाजची गाडी तर वर्षभर पुणतांब्याला त्याच्या दारात उभीच आहे, असं सगळे धरून होते.

नियाज सतरंजीचा दोरा ओढत बसला होता.

"काय रं?"

"ती न्हाई, भाईजान."

"न्हाई म्हंजे?"

"इकली. कोपरगावच्या भंगारवाल्याला. अम्मा आजारी हुती तवाच."

भाभी, म्हणजे खाजाभाईची बायको बिस्मिल्ला, चहाचे कप गोळा करत होती. ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"अब्बाची गाडी भंगारात दिली?" खाजाभाई म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला.

"ब्लॉकला तडा गेल्ता. काय करू मग? दारात ठेवून पूजा करू?" नियाज आता वर बघून बोलू लागला. "मिलिटरीच्या लिलावात एक जीप घेतली. बायकोचा भाऊ भागीत हाय. आज बी जीपनंच आलोय. माळीवाड्यात उभी केलीय."

"दारात का न्हाई आणली?"

नियाज पुन्हा सतरंजीचा दोरा ओढू लागला. बद्रुन्निसानं भावाकडे पाहिलं आणि तिला वाईट वाटलं. लहानपणी साखर चोरून खाल्ल्यावर तो असाच बसायचा. कादर मात्र उठून उभा राहिला होता. पुढं काय येणार ते त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"बद्रू, चल. घाट उजेडात उतराया पायजे."

"बसा की, कादरमियां," खाजाभाई म्हणाला.

"न्हाई खाजाभाई. तुमी काय म्हननार ते म्हनूच नका. म्हंजे मला बी न्हाई म्हनाया लागनार न्हाई."

पण खाजाभाई म्हणालाच. हंगामापुरता क्राऊन द्या, हंगाम संपला की परत. तोवर तिसगावच्या घरात दाणागोटा मी पुरवीन. तुमची गाडी बाजारच्या दिवशीच भरून चालते, माझी थांबली तर घरच थांबतं.

"बाजारच्या दिवशी चालती, पर चालती ना?" कादर म्हणाला. "दिवसातली एकच सर्व्हिस मोटार निघून गेली की तिसगावातून आजारी मानूस नगरला आनाया दुसरं काय हाय? लोक माझ्या दारात येत्यात. 'कादरभाई, गाडी काढा.' ती खोलली तर मी कोन? मला दुसरं काय येतं?"

नियाज मध्ये पडला. "हंगामाचाच तर सवाल हाय, दुल्हाभाई. भाईजान जबान देत्यात. घरातलं मानूस घरातल्यासाठी एवढं बी न्हाई करनार?"

कादर त्याच्याकडे बघतच राहिला. "तू बोलतोस? तू?"

"त्याचं चुकलं," बिस्मिल्ला म्हणाली. मघापर्यंत ती नियाजवर चिडलेली होती. पण आता ती त्याच्याच बाजूला येऊन बसली. "त्याचं चुकलं म्हनून आमची लेकरं उपाशी ठेवायची का? बद्रू, तू तरी बोल. गाडी तुझ्या अब्बानं दिल्याली हाय."

बद्रुन्निसा दारातल्या हलदनकडे बघत होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती. पोटी मूल नव्हतं. सासरची माणसं तिला त्यावरून कधी काही म्हणाली नव्हती, आणि त्याचं कारण दारात उभी असणारी गाडी होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावात ती 'गाडीवाली' होती. कुणाची लेक बाळंतपणाला अडली तर बायका आधी तिच्याकडे धावत यायच्या.

तेव्हा खाजाभाई उठला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि कादरच्या पायाशी सतरंजीवर ठेवली.

त्याच्या डोक्याला मधोमध टक्कल पडलेलं होतं. बद्रुन्निसानं ते कधी उघडं पाहिलंच नव्हतं. ह्या भावानं अब्बांच्या मागं तिला वाढवलं होतं, तिच्या लग्नात हात जोडून दारात उभा राहिला होता. तिला ते बघवेना. ती पुढं झाली, टोपी उचलली, पदरानं पुसली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"घ्या खोलून, भाईजान."

"बद्रू!" कादर म्हणाला.

"माझी गाडी हाय ती," ती म्हणाली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली. आठ वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणत होती.

कादरनं अंगातला चाळिसाव्यासाठी घातलेला पांढरा शर्ट काढला, घडी घालून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "पाना कुठं हाय? माझी गाडी दुसऱ्या कुनी खोललेली मला चालनार न्हाई."

दुपार त्यातच गेली. कादर खाली पडून बोल्ट काढत होता आणि खाजाभाई बसून ते तेलात टाकत होता. दोघांमध्ये "धर" आणि "सोड" एवढंच बोलणं झालं. नियाज दोनदा मदतीला गेला आणि दोनदा परत येऊन ओट्यावर बसला. क्राऊन निघाला तेव्हा त्याचे दात काळ्या तेलात चमकत होते. एकही दात झिजलेला नव्हता. कादरनं त्याच्यावर हात फिरवला. मग त्यानं ॲक्सल पुन्हा बंद केला. चाकं फिरतील, पण इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जाणार नाही, एवढीच ती आता गाडी होती.

"हितंच राहू द्या," खाजाभाई म्हणाला. "लिंबाखाली झाकून ठेवतो. हंगाम झाला की—"

"हितं ठेवली तर उद्या कार्बुरेटर जाईल, परवा चाकं जातील," कादर म्हणाला. "तुमाला पाप न्हाई लागनार खाजाभाई, तुमची गरजच तशी असनार. गाडी मी नेतो."

*

तिसगावचा कारभारी नावाचा शेतकरी भुईमुगाच्या शेंगा घेऊन नगरला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या रिकाम्या बैलगाडीच्या मागं हलदन बांधली.

"कादरभाई, आमच्या बैलांनी इतकी मोठी सोयरीक कधी केली नव्हती," कारभारी म्हणाला. तो हसवायला बोलला होता. कुणी हसलं नाही, तेव्हा तो दोराची गाठ आवळू लागला.

कादर स्टिअरिंगवर बसला, बद्रुन्निसा मागं. रस्त्यावरच्या गावागावात माणसं उभी राहिली. ज्यांनी ह्या गाडीतून पैसे देऊन प्रवास केला होता त्यांनी विचारलं, काय झालं. कादर सगळ्यांना एकच सांगे, "सामान मिळत न्हाई." बद्रुन्निसानं खिडकीचे पडदे ओढून घेतले. मग आतल्या अंधारात तिला जास्तच कोंडल्यासारखं झालं, म्हणून परत उघडले. नवऱ्याची मान तिला मागून दिसत होती. कालपासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

करंजीच्या घाटाच्या तोंडाशी कारभारीनं बैल थांबवले.

"कादरभाई, हितनं उतार हाय. तुमची गाडी आमच्या बैलांच्या अंगावर यील. दोर सोडू का?"

"सोडा. तुमी मागनं या."

दोर सुटला. कादरनं ब्रेकवरचा पाय थोडा सैल केला आणि हलदन आपोआप चालू लागली.

आवाज नव्हता. इंजिन बंद होतं, फक्त टायरखाली खडी करकरत होती आणि वारा खिडकीतून आत येत होता. गाडी वळणावर झुकली, सरळ झाली, पुन्हा झुकली. कादरचे हात नेहमीसारखे सैल होते. खालचं रान, करंजीची झाडी, लांबवर तिसगावच्या बाजूची माळरानं वर येऊ लागली. बद्रुन्निसाला क्षणभर वाटलं, कालचं काही झालंच नाही. अम्मा नगरला आहे, आपण तिला भेटून घरी निघालोय.

"कादर," ती म्हणाली. एरवी ती त्याला नावानं हाक मारत नसे.

त्यानं आरशात पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. तेही त्याच्या ध्यानात नसावं. दोन वळणं ते तसंच राहिलं.

मग उतार संपला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि एका बाभळीपाशी थांबली. कादरनं सवयीनं गिअरवर हात नेला आणि काढून घेतला. दोघं बैलांची वाट बघत बसली.

"तू त्यांना दिली," कादर समोर बघत म्हणाला. "मला विचारलं असतंस तर मी बी दिली असती. रडून का होईना, दिली असती. पर तू म्हनलीस, माझी गाडी."

तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण मागच्या सीटवरून त्याच्यापर्यंत हात पोचत नव्हता. साहेब लोकांसाठी तिथं फार जागा सोडलेली होती.

*

खाजाभाई सोमवारी गाडी घेऊन फाटकात हजर झाला. गाडीही छान चालली. पण नवा साहेब तरुण होता, त्याला उसाच्या फडात, पाटाच्या कडेनं, चिखलातून आत जायचं असे. हलदन तिथं अडे. एकदा ती पाटाच्या कडेला रुतली, तेव्हा साहेब बूट हातात घेऊन चालत कारखान्यावर परत आला. तो रागावला नाही.

जानेवारीत कारकून गहिनीनाथनं खाजाभाईला बोलावून घेतलं. तो भला माणूस होता, खाजाभाईशी नेहमी अदबीनं बोले.

"खाजाभाई, ह्या शनिवारपासून गाडी नको म्हणालेत साहेब. जीप ठरलीय."

"आदी ठरलं हुतं का आता ठरलं?"

"तसं बोलणं जुनंच होतं. पण जीपवाला हंगामाच्या सुरुवातीला तयार होईना. म्हणत होता, एवढ्यात नको, घरात बरं दिसणार नाही." गहिनीनाथ थांबला. "तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं होतं. तुमचा नियाजच की हो."

नियाज त्याला पुणतांब्याच्या स्टेशनाबाहेर सापडला. जीपच्या टपावरची धूळ झटकत होता. थोरल्या भावाला पायी येताना बघितलं तेव्हाच त्याचा हात थांबला. गेले दोन महिने ह्या क्षणाचं त्याला रोज भय वाटत होतं, आणि आज तो आल्यावर कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं.

"कधी बोलला तुला साहेब?" खाजाभाईनं विचारलं.

"भाईजान, आधी बसा—"

"कधी?"

खोटं बोलणं सोपं होतं. मागच्या आठवड्यात, असं म्हणता आलं असतं.

"बकरीदीच्या आधी."

"म्हंजे चाळिसाव्याला तू बसला हुतास तवा तुला ठाऊक हुतं."

"पक्कं न्हवतं! साहेब नुसता बोलला हुता. म्या म्हनलो, माझा भाऊ येतो तुमच्याकडं, म्या न्हाई येनार. खुदाची कसम, न्हाई म्हनलो हुतो." नियाजला भराभर बोलावंसं वाटत होतं. "मला वाटलं, तुमची गाडी चालू झाली तर तो सवालच मिटला. तुमी ऱ्हाल, म्या माझं दुसरं बघीन. म्हनून तर दुल्हाभाईला म्हनलो, द्या म्हनून. मला चांगलंच वाटत हुतं, भाईजान. पर ती गाडी फडात जाईना त्याला म्या काय करू? म्या न्हाई घेतलं तर संगमनेरचा एकजन घेनार हुता."

"बद्रूची गाडी तुझ्यासमोर खोलली."

"व्हय."

"तू ओट्यावर बसला हुतास."

"व्हय, भाईजान."

स्टेशनात आगगाडी येऊन थांबली. उतारू बाहेर आले आणि त्यांच्यातल्या एकानं जीप रिकामी आहे का विचारलं. नियाजनं मान हलवून त्याला घालवलं.

"जीप तुमी चालवा," तो म्हणाला. "साहेबाला मी सांगतो. तुमी चालवा, मी मागं हटतो. न्हाईतर दोघं पाळीनं चालवू."

खाजाभाईनं जीपकडं पाहिलं. दार नाही, पडदा नाही, कापडाचं छत. तो तिला शिव्या देऊ शकला असता. पण गाडीत दोष नव्हता. तो वळला आणि आला तसा चालत निघाला. नियाजनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, कारण वळला तर काय बोलायचं हे त्याला माहीत नव्हतं.

*

झेंडीगेटला परत आल्यावर खाजाभाईनं हलदन लिंबाखाली घेतली, मागचा भाग ठोकळ्यांवर चढवला आणि पाना घेऊन खाली शिरला.

"अवो, चालती गाडी हाय ती!" बिस्मिल्ला बाहेर आली. "कारखाना न्हाई तर न्हाई, गावातली भाडी मारा. लगनसराई हाय. एवढी एकच तर राहिलीय."

"ही कुठं चालतीय?" तो खालून म्हणाला. "ही कवाच मेली. हितं बद्रूची चालतीय."

ती त्याच्या पायांशी बसली. रडली, मग शिव्या दिल्या, नियाजला दिल्या, कारखान्याला दिल्या, शेवटी मेलेल्या इमामभाईंना पण दिल्या, की ह्या गाड्यांचा नाद त्यांनीच लावला. खाजाभाई बोल्ट काढत राहिला. क्राऊन काढून त्यानं घासलेटनं धुतला, गोणपाटात गुंडाळला आणि सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं तिसगावला निघाला. घाट उतरताना जड गोणपाट त्याच्या मांडीवर होतं. शेजारच्या उतारूनं विचारलं, काय आहे? तो म्हणाला, गाडीचं सामान.

बद्रुन्निसा ओट्यावर कुणाचीतरी गोधडी शिवत बसली होती. भावाला पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, पाणी आणलं. घरासमोर कादरनं गाडीसाठी घातलेलं छप्पर होतं. त्याच्याखाली तेलाचे काळे डाग होते आणि एक शेळी बांधलेली होती.

"कादरमियां कुठं हायत?"

"ममईला गेले. गोदीत काम मिळतंय म्हनून."

"कवा?"

"झाले की दिवस." तिनं सुई गोधडीत खोवून ठेवली. "गावात राहवंना त्यांना. लोक वाईट न्हाई बोलत, भाईजान. सारखं विचारत्यात फकस्त. गाडी कवा सुरू होनार, कवा सुरू होनार. मागल्या महिन्यात पुंजारामची सून अडली. तिला बैलगाडीत घालून न्यायला लागलं. करंजीच्या अलीकडंच गेली. कुनी आमाला काय म्हनलं न्हाई. पर त्या दिवसापास्नं ते जेवलेच न्हाईत धड."

खाजाभाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आन् गाडी?"

"जाताना इकून गेले. कारभारीभाऊंनी पुढची चाकं आन् आस घेतला, बैलगाडीला बसवला. बाकीचं लोहारानं नेलं. लई दिवस ठोकत हुता. आवाज यायचा हितवर."

गोणपाट त्याच्या पायाशी होतं. तिचं लक्ष आता तिकडं गेलं. तिनं वाकून एक टोक उघडलं, दात दिसले, आणि तिनं लगेच ते झाकलं.

"हे का आनलं?"

"परत देतो म्हनलो हुतो."

"हंगाम तर चालू हाय अजून."

त्यानं मग सगळं सांगितलं. गहिनीनाथ काय म्हणाला, पुणतांब्याला काय झालं. नियाजचं नाव घेताना तो अडखळला, पण त्यानं काही लपवलं नाही. बद्रुन्निसा ऐकत होती. बकरीदीच्या आधी, हे शब्द आले तेव्हा तिनं डोळे मिटले.

मग ती म्हणाली, "अम्मा आदी गेली ते बरं झालं."

"तू माझ्यासंगं नगरला चल, बद्रू. भाभीनं सांगितलंय."

"चला, भाकरी खाऊन घ्या आदी."

तिनं पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. तो खात असताना ती समोर बसली होती, लहानपणी बसायची तशी, आणि त्याचं ताट रिकामं झालं की न विचारता वाढत होती. त्याला भूक नव्हती, पण त्यानं सगळं खाल्लं. ती बोलत होती ती शेळीबद्दल, ह्या वर्षीच्या ज्वारीबद्दल. एकदाही नियाजबद्दल बोलली नाही.

हात धुऊन तो निघायला उठला. गोणपाट त्यानं ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लावून ठेवलं.

"ते घेऊन जा, भाईजान."

"राहू दे. तुझं हाय."

"न्हाई, घेऊन जा." आता तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "ते ममईहून परत आल्यावर त्यांना हे दिसलं तर ते गाडी हुडकत बसतील. म्हनतील, क्राऊन तर हाय, आता एखादी हलदन कुठं मिळाली की झालं. गावोगाव फिरतील. मी वळखते त्यांना. सगळा जल्म हुडकत फिरतील, आन् त्यांची गाडी तर आता कुठंच न्हाई."

खाजाभाईनं वाकून गोणपाट उचललं. ती त्याला दारापर्यंत सोडायला आली नाही. ओट्यावर बसली, गोधडी मांडीवर ओढून घेतली आणि तो वेशीकडं वळेपर्यंत तिनं मान वर केली नाही.